तोटी नसलेली गल्ली

सव्वीस वर्षं मी रामनगरात पाणी सोडलं. पंचायतीच्या कागदावर माझं पद कानडीत 'नीरगंटी', म्हणजे पाणी वाटणारा, असं लिहिलेलं असायचं, आणि ते वाचताना मला उगीच आपण एखाद्या जुन्या राज्यातले मानकरी आहोत असं वाटायचं. प्रत्यक्षात माझ्या हातात छातीएवढी उंच लोखंडी चावी असे. ती खड्ड्यातल्या व्हॉल्व्हवर बसवायची, फिरवायची, एका गल्लीचं पाणी बंद करून दुसऱ्या गल्लीला सोडायचं. चार गल्ल्या, चार दिवस. प्रत्येक गल्लीला चौथ्या दिवशी सव्वा तास. त्या सव्वा तासात लोक मला देवमाणूस म्हणत आणि उरलेले तीन दिवस माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत.

आमचं गाव वसलंच मुळी पाण्यामुळं. धरण झालं, रानातली गावं पाण्याखाली गेली, आणि तिथली माणसं उचलून इथं बेळगाव-गोवा रस्त्याकाठी आणून बसवली. माझे आईवडील त्यातलेच. एकदा इतकं पाणी बघितल्यावर या लोकांना पुन्हा नळानं वेगळं पाणी कशाला हवं, असं बहुतेक कुणाला तरी वाटलं असावं. पावसाळ्यात आमच्याकडं चार महिने आभाळ फाटलेलं असतं, छत्री वाळत नाही. मार्च उजाडला की मात्र बोअर खाकरायला लागते आणि माझ्या चावीला भाव येतो.

लग्न ठरवताना मध्यस्थानं माझ्या सासऱ्यांना सांगितलं होतं, "पोरगा पाण्याच्या खात्यात हाय. तुमच्या लेकीला घागर उचलाय लागायची न्हाई." सासरे कॅसलरॉकला रेल्वेच्या रुळांवर कामाला होते. त्यांच्या घरामागून ओहोळ वाहायचा. बायको सांगते, लहानपणी ती आणि तिच्या बहिणी त्या ओहोळात पाय सोडून बसायच्या आणि घाटातून वर येणाऱ्या मालगाडीचे डबे मोजायच्या. पाणी भरणं हे तिथं कुणी काम म्हणून धरतच नव्हतं. अशी मुलगी माझ्या घरात आली, आणि आमचं घर होतं शेवटच्या गल्लीतलं शेवटचं. वरच्या सगळ्यांची भांडी भरली की उरलंसुरलं पाणी खोकत खोकत आमच्या नळाला यायचं. 'दिव्याखाली अंधार' ही म्हण मी शाळेत शिकलो होतो, अर्थ लग्नानंतर कळला. चावी माझ्या हातात होती, आमच्या गल्लीला दहा मिनिटं जास्त सोडली असती तर कुणाला कळलं नसतं. पण मी पडलो प्रामाणिक. माझ्या प्रामाणिकपणाच्या घागरी तिनं वाहिल्या. आता तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. केस विंचरताना ती डोकंच हाताकडं नेते. त्याबद्दल ती मला एका शब्दानं बोललेली नाही, आणि म्हणूनच ते मला लागतं.

आता आमच्या नळांबद्दल. आमच्या गल्लीत एकाही नळाला तोटी नव्हती. जमिनीतून पाइप वर आलेला आणि त्याचं तोंड उघडं. परक्या माणसाला वाटेल, काम अर्धवट सोडलंय. पण चौथ्या दिवशी पाणी येणाऱ्या गावात तोटी लावणं हा शुद्ध खुळेपणा. पाणी यायच्या आधी पाइपातली हवा बाहेर पडते, नळ फुसफुसतो, आणि त्या आवाजावर सगळी गल्ली जागी होते. तोटी बंद असली की नळ मुका. मग पाणी येऊन गेलेलं कळणार कधी? शेजारणीचे कपडे दोरीवर दिसतील तेव्हा! माझी बायको चुलीपुढं भाकरी थापत असली तरी चार घरं पलीकडचा नळ फुसफुसलेला तिला ऐकू यायचा. पीठ लागलेल्या हातानंच ती उठायची. बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानात बॅरेलं छतापर्यंत रचलेली असत, आणि तोट्यांच्या खोक्यावर बोटानं नाव लिहिता येईल एवढी धूळ.

अशा गावात एक दिवस शहराचे साहेब आले. शहर म्हणजे आमच्याच रस्त्यानं पुढं लागणारं. नाव कशाला घ्या. त्या शहराला कारखाने हवे होते, कारखान्यांना पाणी हवं होतं, पाण्याला उंची हवी होती, आणि उंची आमच्या डोंगराला होती. आजवर त्या उंचीचा आम्हाला उपयोग एकच, वर चढलं की मोबाइलला रेंज यायची. साहेबांनी शाळेत पडदा लावला आणि सगळं समजावून सांगितलं. खालच्या नदीतून नव्या पंपांनी पाणी उचलायचं, आमच्या डोंगरावर नवी टाकी बांधून तिच्यात साठवायचं, आणि तिथल्या पंपहाऊसमधून जोर देऊन उतारानं शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत सोडायचं. शहराची जुनी टाकी आणि जुने पंप म्हणे 'वाढत्या गरजा भागवण्यास असमर्थ' होते. पडद्यावर निळ्या रेघा होत्या, कारखान्यांचे हिरवे चौकोन होते, वसाहतीच्या तोंडाशी कमळाच्या आकाराचं एक कारंजं होतं. आमचं गाव राखाडी होतं.

आमच्या घरासमोर एक काकी राहते. सत्तरी ओलांडलेली, आयुष्यभर रानात झाडं तोडायच्या आणि रोपं लावायच्या कामाला गेलेली. ती मला 'तम्मा' म्हणते, म्हणजे कानडीतला धाकटा भाऊ. सगळं ऐकून ती उभी राहिली.

"सायेब, त्या चित्रात आमी कुठं हाय?"

साहेबांनी काठीनं राखाडी ठिपका दाखवला.

"आन् त्यात पाणी कुठं हाय?"

साहेब म्हणाले, मोठा पाइप तुमच्या शेवटच्या गल्लीच्या अगदी मागून जातो. पाणी तुमच्या हाताच्या अंतरावरून जाणार! हे त्यांनी आनंदाची बातमी द्यावी तसं सांगितलं, आणि पुढच्या रांगेतल्या दोघांनी टाळ्याही वाजवल्या.

पुढं काम सुरू झालं. टाकी उभी राहिली, रस्त्यावर ट्रकांच्या रांगा लागल्या, माणूस वाकून चालत जाईल एवढाले पाइप येऊन पडले. आमच्या गल्लीमागं चर खणायला घेतला त्या दिवशी काकी आणि गल्लीतल्या बायका त्या चरात उतरून बसल्या. घोषणा नाही, फलक नाही. कुणी तांदूळ निवडत होती, कुणी वाल सोलत होती. यंत्रवाल्यानं हॉर्न वाजवला तर काकीनं त्याला खाली बोलावून चहा दिला. दोन दिवस असं झाल्यावर साहेबांचा फोन आला, आणि तिसऱ्या दिवशी आमच्या गल्लीला एक शाखा मंजूर झाली. मोठ्या पाइपातून फुटणारी बारीक लाइन, फक्त आमच्या गल्लीसाठी. चोवीस तास पाणी.

पण अट होती. तीन दिवसांची चाचणी. तीन दिवस शाखा उघडी राहणार, आणि माझ्या चावीला हात लावायचा नाही; बाकीच्या तीन गल्ल्यांना तेवढे दिवस शहराची माणसं आपल्या चावीनं पाणी सोडणार. लोकांनी आपापल्या हातानं पाणी घ्यायचं आणि आपापल्या हातानं थांबवायचं. शाखेच्या तोंडाशी एक मीटर, मीटरला सुई, आणि तबकडीवर लाल रेघ. तीन दिवस सुई रेघेच्या आत राहिली तर लाइन कायमची. नाहीतर बंद, आणि मग पुन्हा अर्ज वगैरे काही नाही. आमच्यासारख्या गावांना चोवीस तास पाण्याची सवय नसते, ते नासाडी करतात, असं साहेबांचं म्हणणं.

मला राग आला. शहराचा तरुण इंजिनिअर धारवाडकडचा होता, सरळ होता, मला अण्णा म्हणायचा. त्याला मी म्हटलं, "आमच्या बायका तांदूळ धुतलेल्या पाण्यात भाजी धुतात, त्यात मग भांडी विसळतात आणि ते शेवटी माडाला घालतात. नासाडी कशाला म्हणतात ते आम्हाला तुम्ही येऊन शिकवा. एक थेंब सांडायचा नाही. माझी हमी." हमी म्हटल्यावर त्यानं कागद पुढं केला आणि मी सही केली. मग त्यानं माझी चावी घेऊन डोंगरावरच्या पंपहाऊसच्या कपाटात कुलपात ठेवली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच मी रिकाम्या हातानं गावातून चाललो. चार जणांनी विचारलं, बरं नाही का म्हणून.

पहिल्या दिवशी सकाळी सहाला गल्लीतले सगळे नळ एकदम फुसफुसले आणि पाणी आलं. मग जे व्हायचं ते झालं. बॅरेलं भरली, घागरी भरल्या, कढया, तपेली, डबे, पोरांच्या पाण्याच्या बाटल्या. देवळातली लग्नाच्या जेवणाची मोठी भांडी आणून भरली. एकानं बंद पडलेला फ्रिज परसात आडवा पाडून त्यात पाणी साठवलं आणि दार लावून घेतलं. दहापर्यंत गल्लीत रिकामी वाटी सापडेना. आणि पाणी चालूच! आता करायचं काय? तोटी कुणाकडंच नाही. बादली खाली लावायची, भरली की माडाच्या मुळात ओतायची. माड संपल्यावर अंगण. अंगण संपल्यावर रस्ता. गल्लीच्या तोंडाशी नेहमी उभा असणारा ट्रक इतका धुतला गेला की त्याचा मूळ रंग निळा होता हे त्याच्या मालकालाही नव्यानं कळलं.

सुई रेघेला नाक लावून उभी होती. मी धावत हार्डवेअरच्या दुकानात गेलो आणि तोट्यांचं खोकं मागितलं. दुकानदार म्हणाला, "किती?" म्हटलं, "सगळ्या." त्यानं आधी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. दुपारभर फिरून मी घरोघरी तोट्या बसवल्या आणि बंद केल्या. शेवटची आमच्या परसातल्या नळाला. बायको दारात उभी राहून बघत होती.

संध्याकाळी बघतो तर निम्म्या तोट्या उघड्या.

"काकी, बंद करून गेलो होतो की."

"बंद केल्यावर पाणी हाय का गेलं, ते कसं कळायचं तम्मा?"

"जाणार नाही. चोवीस तास आहे."

"आसं सगळेच म्हणत्यात," काकी म्हणाली. "धरणाच्या वक्ताला बी म्हटलं हुतं."

मी स्वतःच चौथ्या दिवशीचा माणूस. रात्री झोपताना मलाही नळाचा बारीक आवाज ऐकू येत होता तोवरच बरं वाटत होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी बाहेर आलो आणि बघतच राहिलो. गल्लीतली प्रत्येक बाई घागरी, कळशा, बॅरेलं पालथी करून पाणी ओतून देत होती. गटाराला पूर आला होता. आडव्या फ्रिजचं दार उघडून दोघं बापलेक त्याला कलंडवत होते. मी ओरडलो, "अवं हे काय चाललंय?"

"कालचं हाय की ते," काकी शांतपणे म्हणाली. "शिळं झालं."

"काकी, परवापर्यंत आपण चार दिवसांचं पाणी फडक्यानं गाळून पीत होतो!"

"तवा ताजं न्हवतं. आता हाय. दारात ताजं आस्ताना शिळं प्यायला आमी काय भिकारी हाय काय गा?"

मी तिला सांगत बसलो की पाणी तेच, टाकी तीच, टाकीत ते कालपासूनच पडून आहे. पण मला सांगता सांगताच कळत होतं की आपण हरलोय. शिळं पाणी ओतून ताजं भरणं ही आमच्या आयांची रोजची सकाळ होती. धरणाच्या आधीच्या गावात, नदीकाठी. इथं आल्यावर ती चैन परवडेना म्हणून बायकांनी 'शिळं' हा शब्दच बाजूला ठेवला होता. एका रात्रीत तो परत आला. घासलेली पितळी घागर उन्हात पालथी घालून काकी तिच्याकडं बघत उभी होती. तिला नासाडी म्हणायचं धाडस मला झालं नाही. इतकी खूश गल्ली मी सव्वीस वर्षांत बघितली नव्हती, आणि तिला खूश करणारा मी नव्हतो याचं थोडं वाईटही वाटलं.

सुई मात्र लाल रेघ ओलांडून गेली. नोंदीची वही माझ्याकडं होती. मी त्यात लिहिलं, 'रेघेजवळ'. रेघेच्या कुठल्या बाजूला, ते वहीनं विचारलं नाही. पण पंपहाऊसमधल्या पॅनेलवर सगळं दिसतं, हे मी विसरलो होतो. दुपारी इंजिनिअर आला. त्यानं वही बघितली, माझ्याकडं बघितलं, आणि वही मिटून परत दिली.

"अण्णा, उद्या उद्घाटन आहे," तो कानडीत म्हणाला. "अकरा वाजता बटण दाबणार. अकरा ते बारा तुमची सुई शून्यावर ठेवा. एक तास. लोकांनी स्वतः बंद करून. तेवढं झालं तर आजचं मी सांभाळून घेतो. साहेबांना दाखवायला मला एवढंच पुरे आहे."

संध्याकाळी सगळी गल्ली देवळात जमली. काकीनं देवापुढं गाऱ्हाणं घातलं आणि नारळ डोक्याएवढा उंच धरून त्यावर एकेकाचा हात ठेवून आण घ्यायला लावली. अकरा ते बारा तोटी उघडणार नाही. माझ्या बायकोनं डावा हात ठेवला, उजवा तेवढा वर जात नाही म्हणून. घरी येताना ती म्हणाली, "काळजी करू नगासा. येक तासाचा तर परश्न हाय." त्या दिवशी ती दोन बादल्या पाणी घेऊन न्हाली होती. केसांना शिकेकाईचा वास येत होता.

तिसऱ्या दिवशी डोंगरावर मांडव पडला. गालिचा, भटजी, बँड. पाण्याची पूजा झाली, पंपांची पूजा झाली, तीनही पंपांना झेंडूचे हार घातले. मला नारळ धरायला उभं केलं होतं. समोर मोठ्या पडद्यावर वसाहतीच्या तोंडाशी बांधलेलं कमळाचं कारंजं दिसत होतं आणि त्याच्याभोवती उभी असलेली कारखान्यांची मोठी माणसं. पुढाऱ्यांनी भाषण केलं. पाणी म्हणजे जीवन असं ते म्हणाले, आणि मग जीवनाचा सगळा वेळ कारखान्यांबद्दल बोलले. अकरा वाजून गेले तसं त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर कारंजं गुडघ्याएवढं उडालं, लाजलं, आणि तिथंच थुईथुई करत राहिलं.

बँड थांबला. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. इंजिनिअरनं त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. मी शेजारीच असल्यामुळं ऐकलं. तिसऱ्या पंपाला हार घातला होता, पण त्याची वीजजोडणीच झालेली नव्हती. साहेब दातांत म्हणाले, "ते आज सांगायचं नाही." मग त्यांची नजर पॅनेलवर फिरली. सगळीकडं हिरवं होतं. एका कोपऱ्यात आमच्या शाखेचा आकडा तेवढा लुकलुकत होता. सुई शून्यावर नव्हती. फार वर नाही, जरा वर. पण शून्यावर नव्हती.

"गळती," साहेब मोठ्यानं म्हणाले. "गावच्या शाखेवर गळती आहे."

सगळे एकदम सुटल्यासारखे झाले. कारण सापडलं होतं. शहराच्या पाइपातून हत्ती गेला असता, आणि आमच्या लाइनीत उंदीर अडकला असता, पण वड्याचं तेल वांग्यावर निघालं. पुढाऱ्यांनी मान हलवली, पडद्यावरच्या मोठ्या माणसांनी मान हलवली. इंजिनिअरनं तेवढी खाली घातली. कपाट उघडून त्यानं माझी चावी माझ्या हातात दिली. "अण्णा, जाऊन बघा. उघडा नळ सापडला तर मला फोन करा. बंद झाला तर अजून काहीतरी करता येईल."

मी डोंगर उतरलो. मला भयंकर राग आला होता. साहेबांचा कमी, गल्लीचा जास्त. देवाच्या नारळावर हात ठेवून एक तास दम निघत नाही? मनातल्या मनात मी प्रत्येकाला शिव्या घालत होतो. गल्लीत शिरलो तर चिडीचूप. पहिल्या घराची तोटी बघितली, बंद. दुसरी, तिसरी, बंद. कुणी तर सुतळीनं बांधून ठेवली होती, चुकून हात लागायला नको म्हणून. फ्रिजवाल्यानं तोटीला हळदकुंकू वाहिलं होतं. काकी तिच्या पायरीवर काठी घेऊन राखणीला बसली होती.

"येक थेंब न्हाई तम्मा. मी सोता घरोघर जाऊन बघितलंय."

"सगळी घरं?"

"तुमचं सोडून. तुमचं काय बघायचं? तू तर नीरगंटी!"

मी आमच्या परसात गेलो.

बायको धुण्याच्या दगडावर बसली होती. लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलेलं, आणि दोन्ही पाय नळाखाली. तोटी पूर्ण उघडी. खाली बादली नव्हती, घागर नव्हती, काहीच नव्हतं. पाणी तिच्या पावलांवरून वाहून माडाकडं जात होतं आणि ती नुसती बघत होती. मला बघून ती दचकली नाही.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "अकरा वाजून गेल्यात. आण घेतलीया."

"मग?"

"अवं, समद्यांनी येकदम बंद केलं. आवाजच थांबला. कुणाच्याच घरात कसला आवाज न्हाई. मला वाटलं, गेलं पाणी. नेहमीसारखं गेलं. मी जरा हाय का न्हाई बघाय म्हणून उघडला." तिनं पायाची बोटं पाण्यात हलवली. "तर हुतं. मग पाय घातलं. आन् मग मला बंदच करवंना."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तीन दिवस गल्लीला दम देत फिरणारा मी चावी हातात धरून उभा होतो. तोटी माझ्यापासून दोन पावलांवर होती. तिला फक्त डावीकडून उजवीकडं फिरवायची होती. मी ती फिरवली असती तर लाइन कदाचित वाचली असती, गल्लीची आण राहिली असती, माझी हमी राहिली असती. हे सगळं मला त्या वेळीही कळत होतं. पण या बाईनं माझ्या घरात आल्यापासून पाणी फक्त भरलं होतं. एकदाही ते नुसतं वाहताना बघितलं नव्हतं. मला ते झालं नाही. मी चावी भिंतीला टेकवली, चपला काढल्या आणि तिच्या शेजारी दगडावर बसलो. खिशात फोन वाजत होता. थोड्या वेळानं तो वाजायचा थांबला.

बारा वाजता इंजिनिअर स्वतः खाली आला, गल्लीमागच्या खड्ड्यापाशी उभा राहिला. मला हाक मारली नाही. मी ओल्या पायांनी गेलो आणि शाखेचा व्हॉल्व्ह बंद केला. शेवटचा फेरा जड गेला, नवीन व्हॉल्व्ह होता. अहवालात काय लिहिलं ते पुढं त्यानंच मला वाचून दाखवलं: 'रामनगर शाखेवरील गळती शोधून कायमची बंद करण्यात आली.' गळती म्हणजे आम्ही. तिसऱ्या पंपाची जोडणी त्याच आठवड्यात झाली, तिचा अहवाल कुणी लिहिला नाही.

पुन्हा चार गल्ल्या आणि चार दिवस सुरू झाले. लोकांनी तोट्या काढून ठेवल्या, नळ पुन्हा फुसफुसायला लागले, आणि 'शिळं' हा शब्द पुन्हा बाजूला गेला. पण कुणाचा नळ उघडा राहिला, यावर गल्लीत भांडणं लागली. सुतळीवाला फ्रिजवाल्यावर संशय घ्यायचा, फ्रिजवाला सुतळीवाल्यावर. सगळ्यात जास्त ऐकून घ्यावं लागलं काकीला, राखणीला तीच बसली होती म्हणून. मी गप्प राहिलो. आठवडा, महिना, पावसाळा. सव्वीस वर्षं ज्या प्रामाणिकपणाची मी टिमकी वाजवली तो नेमका त्या वेळी कुठं गेला होता, कुणास ठाऊक.

पावसाळ्यानंतर बायकोला खांदा दाखवायला शहरात नेलं. एसटी वसाहतीच्या तोंडाशी असलेल्या चौकातून वळली. कमळाचं कारंजं आता दोन मजली उंच उडत होतं, भर दुपारी, भोवती माणूस नाही. पाणी वाऱ्यानं रस्त्यावर पडत होतं आणि ट्रक त्यातून जात होते. बायको खिडकीतून बघत राहिली.

"त्याला बी तोटी न्हाई," ती म्हणाली. मग मला हसू आलं, आणि मग नाही आलं.

त्याच संध्याकाळी मी काकीच्या पायरीवर जाऊन बसलो. ती बॅरेलातलं तिसऱ्या दिवसाचं पाणी फडक्यानं गाळून घागरीत ओतत होती. मी तिला सगळं सांगितलं. नळ आमचा होता, बायको बसली होती, मी बघितलं आणि बंद केला नाही. तुझ्यावर बोल येत होता तरी गप्प बसलो. उद्या देवळात सगळ्यांसमोर सांगतो.

काकीनं फडकं पिळलं आणि दांडीवर टाकलं. मी शिव्यांची वाट बघत होतो. तिच्या शिव्या मला पाठ आहेत.

"किती येळ बसली हुती?" तिनं विचारलं.

"पाऊण तास असेल. शेवटी मी पण बसलो."

काकीनं घागरीला बाहेरून हात लावून बघितला.

"गार हुतं काय गा?"

"गार होतं," मी म्हटलं.